निवडलेले आभाळ : ‘क्रिकेट ०७’ या संगणकीय खेळातील हवामान आणि वास्तवाची प्रतीती

१

‘वास्तववाद’ ही मराठी समीक्षेत वारंवार वापरली जाणारी, आणि म्हणूनच बरीचशी गुळगुळीत झालेली संज्ञा आहे. हरिभाऊ आपटे यांच्या सामाजिक कादंबऱ्यांपासून ग्रामीण आणि दलित साहित्यापर्यंत अनेक प्रकारच्या लेखनाला ती लावली गेली आहे. ‘हुबेहूब चित्रण’, ‘जिवंत तपशील’, ‘प्रसंग डोळ्यांसमोर उभा करण्याचे सामर्थ्य’ अशा शब्दांत तिचे स्पष्टीकरण दिले जाते आणि पदव्युत्तर परीक्षांच्या उत्तरपत्रिकांतही हीच शब्दावली पुन्हा पुन्हा आढळते. या स्पष्टीकरणात एक गृहीतक दडलेले आहे. वास्तव ही मुख्यतः पाहण्याची गोष्ट आहे, आणि जे जगासारखे दिसते ते वास्तव होय, असे ते गृहीतक. ते कितपत टिकते हे तपासण्यासाठी साहित्यकृतीच घेतली पाहिजे असे नाही. जेथे जगासारखे दिसणे हेच निर्मितीचे उघड उद्दिष्ट असते, असा एखादा साहित्येतर नमुना घेतल्यास प्रश्न अधिक स्वच्छपणे मांडता येतो.

संगणकावर खेळला जाणारा क्रिकेटचा खेळ हा असा एक नमुना आहे. त्यातही ‘ईए स्पोर्ट्स’ या नाममुद्रेखाली २००६ च्या नोव्हेंबरमध्ये, इंग्लंड-ऑस्ट्रेलिया यांच्यातील ‘अ‍ॅशेस’ मालिकेच्या तोंडावर प्रसिद्ध झालेला ‘क्रिकेट ०७’ हा खेळ विशेष लक्षणीय आहे. कॅनडातील ‘एचबी स्टुडिओज’ या संस्थेने तो तयार केला. वैयक्तिक संगणक आणि ‘प्लेस्टेशन २’ या दोन्हींवर तो खेळता येत असे. त्या मालिकेतील तो अखेरचा खेळ ठरला. परंतु पुढे अनेक वर्षे भारतातील तरुणांनी तो खेळत ठेवला. आज महाविद्यालयांत शिकविणाऱ्या तरुण अध्यापकांपैकी अनेकांच्या पौगंडावस्थेतील दुपारी त्याने व्यापलेल्या असणार.

या खेळातील हवामानाचा विचार करून वास्तववादाविषयी काही निष्कर्ष काढता येतात का, हे पाहणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हवामान हाच घटक निवडण्याचे कारण असे की, क्रिकेटमध्ये हवामान ही एकाच वेळी पार्श्वभूमीही असते आणि पात्रही.

२

बहुतेक मैदानी खेळांना हवामानाचा उपद्रव होतो. क्रिकेटमध्ये मात्र हवामान खेळात उतरते. चेंडू टप्पा खाऊन फलंदाजाकडे जातो, त्यामुळे जमिनीतील ओल, गवत आणि भेगा यांना खेळात स्थान मिळते. सामना काही तास किंवा पाच दिवस चालतो, त्यामुळे सकाळचे दव, दुपारचे ऊन आणि संध्याकाळचा अंधूक प्रकाश ही सामन्याची निरनिराळी प्रकरणे ठरतात. नाणेफेक जिंकलेला कर्णधार आधी खेळपट्टीकडे आणि मग आभाळाकडे पाहतो, तो उगाच नव्हे.

या संबंधाचे एक प्रसिद्ध उदाहरण १९३७ च्या जानेवारीत मेलबर्न येथे झालेल्या कसोटी सामन्याचे आहे. त्या काळी खेळपट्ट्या झाकल्या जात नसत. पावसाने भिजलेल्या आणि उन्हाने वाळू लागलेल्या खेळपट्टीवर चेंडू कसाही उसळत होता. ऑस्ट्रेलियाने आपला पहिला डाव ९ बाद २०० वर सोडून इंग्लंडला त्या खेळपट्टीवर फलंदाजीस आणले. ही चाल ओळखून इंग्लंडनेही ९ बाद ७६ वर डाव सोडला. तेव्हा डॉन ब्रॅडमन यांनी आपला फलंदाजीचा क्रमच उलटा केला. तळाचे फलंदाज आधी पाठविले, खेळपट्टी सुधारण्यास वेळ मिळविला आणि सातव्या क्रमांकावर येऊन २७० धावा केल्या. येथे हवामान दोन्ही कर्णधारांच्या बुद्धीशी खेळणारा तिसरा पक्ष आहे.

दुसरे उदाहरण मराठी वाचकाच्या अधिक परिचयाचे आहे. २२ एप्रिल १९९८ रोजी शारजा येथे भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यात भारताचा डाव चालू असताना वाळूचे वादळ आले. खेळ थांबला, षटके ५० वरून ४६ झाली आणि विजयाचे लक्ष्य २८५ वरून २७६ वर आले. अंतिम फेरीत जाण्यासाठी २५४ ऐवजी २३७ धावा पुरेशा ठरल्या. सचिन तेंडुलकर यांनी १४३ धावा केल्या. भारत सामना हरला, पण अंतिम फेरीत पोहोचला. त्या डावाच्या आठवणी सांगताना कोणीही वादळ वगळत नाही. ते वगळले तर डावाची धावसंख्या उरते, कथा उरत नाही.

मुंबईच्या क्रिकेटने तर हवामानालाच शिक्षक केले. १९४८ साली सुरू झालेली, डॉ. कांगा यांच्या नावाने ओळखली जाणारी कांगा लीग ही स्पर्धा भर पावसाळ्यात खेळविली जाते. ओल्या खेळपट्टीवर खाली राहणारा किंवा अचानक उसळणारा चेंडू, वाढलेल्या गवतात अडकणारे फटके आणि कोणत्याही क्षणी येणारी सर या परिस्थितीत मुंबईच्या फलंदाजांच्या अनेक पिढ्यांचे तंत्र घडले. जे टाळता येत नाही त्यातच खेळायला शिकणे, हे या स्पर्धेचे सूत्र म्हणता येईल. ‘क्रिकेट ०७’ चा विचार करताना ते लक्षात ठेवणे उपयुक्त ठरेल.

३

‘क्रिकेट ०७’ मध्ये सामना सुरू होण्यापूर्वी खेळणाऱ्याच्या समोर पर्याय मांडले जातात. संघ कोणते, मैदान कोणते, षटके किती, खेळपट्टी कशी आणि हवामान कसे, हे त्यातून ठरविता येते. ऊन हवे की ढग, हा प्रश्न येथे गणवेशाच्या किंवा मैदानाच्या निवडीच्या पंक्तीला बसलेला असतो. हवामान ही मुख्यतः सामन्याची पूर्वअट आहे. निवड झाली की पडद्यावर त्यानुसार उजेड-सावली दिसते, चेंडूच्या वागण्यात काही फरक पडतो आणि रिची बेनॉ व मार्क निकोलस यांचे ध्वनिमुद्रित समालोचन सुरू होते.

या रचनेत हवामानाची तीन निरनिराळी कार्ये वेगळी करता येतात. पहिले, हवामान दिसते. दुसरे, हवामान परिणाम करते. तिसरे, हवामान घडते, म्हणजे कोणाच्याही इच्छेविना ओढवते. या तीन कार्यांना अनुक्रमे दृश्य, कारण आणि घटित अशी नावे देता येतील. वास्तवाची प्रतीती या तिन्हींतून येऊ शकते. पण ती तिन्ही ठिकाणी सारख्या प्रतीची नसते.

४

प्रथम दृश्याचा विचार करू. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९६८ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात फ्लोबेरच्या १८७७ सालच्या एका कथेतील तपशील विचारार्थ घेतला आहे. कथेतील एका घरात पियानोवर पेट्यांचा ढीग आहे आणि वर भिंतीला वायुभारमापक टांगलेला आहे. पियानो घरमालकिणीची सामाजिक पायरी सुचवितो, ढीग घरातील विस्कळीतपणा सुचवितो. पण वायुभारमापक कथानकाच्या दृष्टीने काहीच करीत नाही. मग तो तेथे का आहे? बार्थ याचे उत्तर असे देतात की, असे निरुपयोगी तपशील कोणतीही विशिष्ट गोष्ट सांगत नाहीत. ‘हे वास्तव आहे’ एवढेच ते सांगतात. त्यांच्या निरुपयोगीपणातूनच वास्तवाचा परिणाम साधला जातो.

बार्थ यांनी निवडलेली वस्तू हवामान मोजण्याचे उपकरण असावी, हा योगायोग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. फ्लोबेरच्या कथेत त्या उपकरणाचा काटा कोठे आहे, हे महत्त्वाचे नाही. ते भिंतीवर आहे, एवढे पुरते. ‘क्रिकेट ०७’ मधील आभाळाचा बराचसा भाग याच जातीचा आहे. खेळाडूंच्या पायांशी पडणाऱ्या सावल्या, प्रेक्षागारावरचे ऊन, ढगाळ दिवसाचा करडा रंग यांचे काम खेळ बदलणे हे नसून ‘हे मैदान आहे’ अशी ग्वाही देणे हे आहे.

चाहत्यांनी या खेळावर पुढे जे संस्करण केले, त्यातूनही हेच दिसते. मूळ खेळात इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांच्या खेळाडूंची खरी नावे होती; हक्कांच्या अभावी इतर अनेक संघांतील खेळाडूंना बनावट नावे दिलेली होती. चाहत्यांनी ती बदलली. नवे गणवेश, नवे चेहरे, नवी मैदाने आणि खेळपट्ट्यांची नवी चित्रे त्यांनी तयार केली आणि एकमेकांना विनामूल्य दिली. हे काम चिकाटीचे होते आणि त्यामुळे खेळाचे आयुष्य वाढले, यात शंका नाही. परंतु बदलणे सोपे होते ते प्रामुख्याने चित्र. खेळपट्टीवरच्या भेगा अधिक ठसठशीत दिसू लागल्या, म्हणून चेंडू त्या भेगेत पडून वेगळा वळू लागला असे होत नाही. दृश्य आणि कारण हे दोन वेगळे स्तर आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

येथे आकाशवाणीवरील समालोचनाशी तुलना करता येते. मराठी क्रिकेट-समालोचनाची भाषा रूढ करण्यात बाळ ज. पंडित यांचा वाटा मोठा आहे. आकाशवाणीच्या श्रोत्याला आभाळ दिसत नसे, म्हणून ते सांगावे लागे. सांगताना निवड करावी लागे, आणि सामन्यावर परिणाम होण्याची शक्यता ज्या ढगाची असेल, तोच ढग वाक्यात येई. शब्दांतले हवामान अपुरे असूनही कारणाच्या अंगाने अधिक भरीव असू शकते, ते यामुळे.

५

आता दुसऱ्या स्तराचा, कारणाचा विचार. ढगाळ हवेत चेंडू अधिक ‘स्विंग’ होतो, म्हणजे हवेतच वळतो. हिरव्या खेळपट्टीवर वेगवान गोलंदाजांना साहाय्य मिळते. कोरड्या, धुळकट खेळपट्टीवर फिरकी चालते. क्रिकेटवरील संगणकीय खेळ अशा नियमांवर उभारलेले असतात आणि ‘क्रिकेट ०७’ ही त्याला अपवाद नाही. येथे हवामान केवळ दिसत नाही, ते काही करते. या अर्थाने खेळाचा वास्तववाद एक पायरी वर चढतो.

परंतु हे नियम कोठून आले, असा प्रश्न विचारला की उत्तर वेगळ्याच दिशेला जाते. चेंडू हवेत का वळतो याचे शास्त्रीय विवेचन उपलब्ध आहे. शिवणीच्या कलामुळे चेंडूच्या दोन बाजूंना हवेचा पातळ थर वेगवेगळ्या ठिकाणी सुटतो आणि त्यातून बाजूला ढकलणारे बल निर्माण होते. रवींद्र मेहता यांच्यासारख्या वायुगतिशास्त्रज्ञांनी याविषयी वाताच्या बोगद्यात प्रयोग केले आहेत. मात्र हवेतील आर्द्रतेमुळे चेंडू अधिक वळतो, या समजुतीला अशा प्रयोगांतून स्पष्ट आधार मिळालेला नाही. उन्हाने तापलेल्या जमिनीवरची हवा अस्थिर असते आणि ढगाखाली ती शांत राहते, म्हणून फरक पडत असावा, असेही एक स्पष्टीकरण पुढे आले आहे. थोडक्यात, गोलंदाजांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा जो ठाम विश्वास आहे, त्याचे कारण शास्त्राने अजून निर्विवादपणे सांगितलेले नाही. खेळ मात्र तो विश्वास नियम म्हणून स्वीकारतो.

संस्कृत साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अपरिचित वाटू नये. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमयाचे, म्हणजे कवींच्या परंपरामान्य संकेतांचे, विस्ताराने विवेचन केले आहे. त्याचे तीन प्रकार तो मानतो. जे नाही ते आहे म्हणून सांगणे, हा पहिला; उदाहरणार्थ, कोणत्याही नदीत कमळे फुललेली दाखविणे. जे आहे त्याचा उल्लेख न करणे, हा दुसरा. उदाहरणार्थ, चंदनवृक्षाला फुले-फळे असल्याचे न सांगणे. जे अनेक ठिकाणी किंवा अनेक काळी आढळते ते एकाच ठिकाणी वा काळी बांधून टाकणे, हा तिसरा. उदाहरणार्थ, कोकिळेचे कूजन वसंतातच वर्णिणे.

या खेळातील हवामानाला ही तिहेरी विभागणी नेमकी लागू पडते. ढग दिसताच चेंडू वळणार, ही निश्चिती पहिल्या प्रकारात मोडते. प्रत्यक्ष मैदानावर अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. षटकागणिक बदलणारा वारा, एका टोकाकडून गोलंदाजाला मिळणारी त्याची साथ, रात्रीच्या सामन्यात दवाने निसरडा होऊन फिरकी गोलंदाजाच्या बोटांतून सुटणारा चेंडू, ओल्या मैदानाची पंचांनी केलेली पाहणी यांविषयीचे मौन दुसऱ्या प्रकारात येते. आणि विशिष्ट खेळपट्टी म्हणजे विशिष्ट गोलंदाजी, ही बांधणी तिसऱ्या प्रकारातली आहे. २००२ साली हेडिंग्ले येथे ढगाळ आकाशाखाली भारताने प्रथम फलंदाजी केली. अशा हवेत वेगवान गोलंदाजांनी डाव कापून काढावा, असा संकेत आहे. पण राहुल द्रविड यांनी १४८ धावा केल्या, संजय बांगर पहिल्या दिवशी त्यांच्यासोबत टिकून राहिले, पुढे सचिन तेंडुलकर व सौरव गांगुली यांनीही शतके केली आणि भारताने तो सामना एक डाव व ४६ धावांनी जिंकला. त्या पहिल्या दिवसाचे मोल कळते ते संकेत मोडला गेला म्हणूनच.

म्हणजे कारणाच्या स्तरावर हा खेळ निसर्गाचे अनुकरण करीत नाही. निसर्गाविषयीच्या समाजमान्य ज्ञानाचे अनुकरण करतो. हा दोष आहे असे समजण्याचे कारण नाही. वास्तववादी कादंबरीही बहुधा हेच करीत असते. न पटणाऱ्या शक्यतेपेक्षा पटणारी अशक्यता कवीने पसंत करावी, असे अ‍ॅरिस्टॉटलने म्हटले आहे ते याच कारणाने. वाचकाला वास्तव वाटते ते त्याच्या ठायी आधीच रुजलेल्या समजुतींशी जुळणारे असते. क्रिकेट जाणणाऱ्याला ढगाळ दिवशी चेंडू वळला नाही तर खेळ खोटा वाटेल, मग शास्त्र काहीही म्हणो. वास्तववादाची परीक्षा करताना जगाइतकाच हा वाचक विचारात घ्यावा लागतो.

६

तिसरा स्तर घटिताचा आहे आणि प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने तोच निर्णायक आहे.

फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी १९५८ साली खेळांचे चार मूळ घटक सांगितले : स्पर्धा, दैव, अनुकरण आणि घेरी. क्रिकेट हा उघडच स्पर्धेचा खेळ आहे. पण नाणेफेक आणि हवामान या दोन दारांनी त्यात दैवाचा प्रवेश होतो. ‘क्रिकेट ०७’ त्यात अनुकरणाची भर घालतो. अपेक्षा अशी असते की, अनुकरण जितके चांगले तितके दैवही जसेच्या तसे उतरेल. होते मात्र उलट. हवामान निवडता येऊ लागले की ते दैव राहत नाही. ते खेळणाऱ्याच्या डावपेचांपैकी एक होते. आपल्याकडे उत्तम फिरकी गोलंदाज असतील तर कोरडी खेळपट्टी घ्यावी, वेगवान असतील तर ढग घ्यावेत. सामना जतन करून ठेवण्याची सोय असल्यामुळे मनासारखे न घडल्यास मागे जाऊन पुन्हा खेळताही येते. निवडलेले आभाळ हे दिसायला आभाळच असते, पण त्याच्या स्वभावातील मुख्य गोष्ट, म्हणजे ते कोणाचे ऐकत नाही ही गोष्ट, त्यातून गेलेली असते.

या खेळातील एक विभाग या विसंगतीवर विशेष प्रकाश टाकतो. २००५ च्या ‘अ‍ॅशेस’ मालिकेतील काही क्षण पुन्हा खेळण्याची संधी त्यात दिलेली आहे. ती मालिका इंग्लंडने २–१ अशी जिंकली. पण तिच्या घडणीत हवामानाचा हात किती होता, हे पाहण्याजोगे आहे. ओल्ड ट्रॅफर्डच्या तिसऱ्या कसोटीत तिसऱ्या दिवशी पावसामुळे केवळ १४ षटकांचा खेळ झाला. अखेरच्या दिवशी ऑस्ट्रेलियाची शेवटची जोडी टिकून राहिली आणि ९ बाद ३७१ अशा अवस्थेत सामना अनिर्णित सुटला. वाया गेलेला वेळ हाती असता तर काय झाले असते, हा प्रश्न कायमचा अनुत्तरित आहे. ओव्हलवरील पाचव्या कसोटीत पाऊस आणि अंधूक प्रकाश यांनी बराच वेळ खाल्ला. प्रकाश कमी झाल्यावर खेळ थांबवायचा की नाही, हे ठरविण्याची मुभा त्या काळी पंच फलंदाजांना देत असत. ऑस्ट्रेलियाच्या सलामीच्या जोडीने दुसऱ्या दिवशी थांबणे पसंत केले. मालिकेत बरोबरी साधण्यासाठी ज्यांना वेळ हवा होता, त्यांनीच तो सोडला. सामना अनिर्णित राहिला आणि करंडक इंग्लंडकडे गेला.

या मालिकेतील क्षण उचलून जेव्हा खेळ ते खेळणाऱ्याच्या हाती देतो, तेव्हा इतक्या धावा हव्यात, इतके गडी शिल्लक आहेत, असा हिशोब त्याला मिळतो. त्या हिशोबामागे पावसाने खाल्लेले तास आहेत. पण ते हिशोबात विरघळून गेलेले असतात. इतिहास शिल्लक राहतो, ज्या अनिश्चिततेतून तो घडला ती शिल्लक राहत नाही. २००५ च्या प्रेक्षकाला त्या शनिवारी आभाळ उघडेल की नाही हे ठाऊक नव्हते. खेळणाऱ्याला मात्र ते आधीच उघडलेले मिळते.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो वाजवी आहे. करमणुकीसाठी संगणकापुढे बसलेल्या माणसाला पाऊस पडत असलेले रिकामे मैदान दाखविण्यात काय हशील? २००२ साली कोलंबो येथे चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना दोन दिवस प्रयत्न करूनही पावसाने पुरा होऊ दिला नाही आणि भारत व श्रीलंका यांना तो विभागून देण्यात आला. असे विफल दोन दिवस कोणता खेळ विकत देईल? शिवाय प्रत्यक्ष क्रिकेटलाही दैव जसेच्या तसे पचत नाही. १९९२ च्या विश्वचषक स्पर्धेत सिडनी येथील उपान्त्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. पाऊस आला, आणि तो थांबल्यावर तत्कालीन नियमाने एका चेंडूत २१ धावांचे लक्ष्य दिले. हा नियम अन्यायकारक असल्याचे सर्वांना जाणवले. फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या संख्याशास्त्रज्ञांनी तयार केलेली आणि १ जानेवारी १९९७ रोजी हरारे येथील झिंबाब्वे-इंग्लंड सामन्यात प्रथम वापरली गेलेली पद्धत या जाणिवेतून पुढे रूढ झाली. उरलेली षटके आणि हाती असलेले गडी यांना संघाची ‘साधनसंपत्ती’ मानून लक्ष्य काढणारी ही पद्धत म्हणजे पावसाशी केलेला गणिती तह आहे.

या आक्षेपाचे उत्तर तहाच्या स्वरूपातच आहे. डकवर्थ-लुईस पद्धत पाऊस नाकारत नाही. तो आल्यावर काय करायचे ते ठरविते. आणि तरीही दैव उरतेच. २००३ च्या विश्वचषकात डर्बन येथे दक्षिण आफ्रिकेच्या फलंदाजांनी तक्त्यातील आकडा चुकीचा समजून घेतला, विजयासाठी पुरेशा धावा झाल्या या समजुतीने अखेरचा चेंडू नुसता अडविला, पाऊस वाढून खेळ थांबला, सामना बरोबरीत सुटला आणि यजमान संघ स्पर्धेबाहेर गेला. हवामान, नियम आणि माणसाची चूक यांच्या गुंत्यातून घडलेली ही घटना कोणत्याही पर्यायसूचीतून निवडता येणार नाही. खेळाने पाऊस दाखवावा की न दाखवावा, हा करमणुकीचा प्रश्न आहे. न दाखविल्यास वास्तवाचा कोणता भाग गळतो हे ओळखणे, हा समीक्षेचा प्रश्न आहे.

७

साहित्याकडे परत येताना व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीचा विचार उद्बोधक ठरतो. माणदेशातील धनगरवस्तीचे हुबेहूब चित्रण, असा तिचा गौरव नेहमी केला जातो. माणसांच्या लकबी, मेंढरे, माळरान, बोली यांचे तपशील तिच्यात आहेत आणि ते दृश्याच्या स्तरावर आपले काम करतात. पण कादंबरी मनावर जो ठसा उमटविते तो या तपशिलांच्या बेरजेमुळे नव्हे. तरुण शिक्षक वाडीत येतो, हळूहळू वाडीचा होतो, लोकांच्या श्रमातून तालीम उभी राहते; आणि मग पाऊस येत नाही. दुष्काळाने वस्ती विस्कटते, माणसे वाडी सोडून जातात. तो दुष्काळ शिक्षकाच्या चुकीची शिक्षा नाही, कोणा पात्राच्या पापाचे फळ नाही आणि कथानकाला सोयीचा म्हणून आणलेला योगायोगही नाही. तो ओढवतो. जे उभारले होते त्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही, पण ते वाचत नाही. कादंबरीचा वास्तववाद या न निवडलेल्या आभाळात आहे.

याउलट, पात्रे भेटावीत म्हणून पाऊस, ताटातूट व्हावी म्हणून पूर आणि मन उदास आहे म्हणून मळभ, अशी हवामानाची योजना अनेक लोकप्रिय कथा-कादंबऱ्यांत आढळते. तेथील पावसाचे वर्णन कितीही प्रत्ययकारी असले तरी तो पाऊस लेखकाने सूचीतून निवडलेला आहे, हे वाचकाला जाणवत राहते. लेखक हा कलाकृतीतील सर्व हवामानाचा निवडकर्ता असतो, हे खरेच. ‘बनगरवाडी’तील दुष्काळही अखेर लेखकानेच आणला आहे. फरक इतकाच की, एका ठिकाणी लेखक स्वतःच्या निर्मितीला त्या हवामानापुढे नमविण्यास तयार असतो आणि दुसऱ्या ठिकाणी हवामानालाच कथेच्या सेवेस लावतो.

तेव्हा एखाद्या कलाकृतीस वास्तववादी म्हणण्यापूर्वी तीन प्रश्न क्रमाने विचारणे उपयोगाचे ठरेल. तिच्यातील जग जगासारखे दिसते काय? त्या जगातील गोष्टी एकमेकींवर परिणाम करतात काय, आणि तो परिणाम निसर्गाच्या नियमांनी होतो की संकेतांनी? आणि शेवटी, तिच्यात असे काही घडते काय, की जे कोणीच मागितले नव्हते? पहिल्या प्रश्नाला ‘क्रिकेट ०७’ समाधानकारक उत्तर देतो, दुसऱ्याला कविसमयाच्या भाषेत देतो, तिसऱ्यापाशी तो थांबतो. अध्यापनात मात्र पहिल्याच प्रश्नावर थांबण्याची सवय पडलेली आहे, आणि त्यामुळे तपशिलांची जंत्री म्हणजे वास्तववाद अशी समजूत विद्यार्थ्यांत दृढ होते.

कांगा लीगमधील फलंदाज ओल्या खेळपट्टीवर उभा राहतो तेव्हा पुढचा चेंडू उसळेल की खाली राहील हे त्याला ठाऊक नसते. आभाळ त्याने निवडलेले नसते आणि डाव मागे नेता येत नाही. वास्तवाची प्रतीती तेथे दृश्यातून येत नाही, धोक्यातून येते. वास्तववादी कलाकृतीही आपल्या पात्रांना आणि त्यांच्यामागोमाग वाचकाला अशाच खेळपट्टीवर उभे करते.